सागरी स्पंजांतील नैसर्गिक संयुगांची औषधी क्षमता : एक चिकित्सक आढावा

गोषवारा

सागरी स्पंजांपासून मिळणाऱ्या नैसर्गिक संयुगांच्या औषधी क्षमतेविषयी गेल्या काही दशकांत विपुल लेखन झाले आहे. या लेखनात संयुगांच्या याद्या भरपूर असतात. मात्र त्या संयुगांचा औषधापर्यंतचा प्रवास कोठे आणि का थांबला, याची चर्चा अभावानेच आढळते. प्रस्तुत लेखात सायटाराबिन, विडाराबिन व एरिब्युलिन ही यशस्वी उदाहरणे आणि मॅनोअलाइड, डिस्कोडर्मोलाइड व बेंगामाइड ही अर्ध्यावर थांबलेली उदाहरणे यांच्या आधारे 'औषधी क्षमता' या संज्ञेची चिकित्सा केली आहे. स्पंजांचे वैद्यकशास्त्राला मिळालेले मुख्य योगदान नव्या रेणुरचनांचे असून, पुरवठा, निवडकता, मूळ उत्पादक जीव व रुग्णाला झालेला लाभ या कसोट्या लावल्याशिवाय 'क्षमता' हा शब्द वापरणे योग्य ठरत नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : सागरी स्पंज, नैसर्गिक संयुगे, सायटाराबिन, हॅलिकॉन्ड्रिन, सहजीवी जीवाणू, जैवविविधता कायदा

प्रस्तावना

औषधांच्या शोधात मानवाने प्रथम जमिनीवरील वनस्पतींकडे पाहिले. सिंकोनाच्या सालीतून क्विनीन मिळाले, अफूतून मॉर्फिन मिळाले. पुढे मातीतील सूक्ष्मजीवांनी स्ट्रेप्टोमायसिनसारखी प्रतिजैविके दिली. समुद्राची पाळी त्यानंतर आली. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुड्यांसाठी सुटसुटीत श्वसनसाधने उपलब्ध झाली, मिश्रणातून एकेक घटक वेगळा करण्याच्या पद्धती सुधारल्या, आणि उथळ समुद्राच्या तळाशी असलेले स्पंज, प्रवाळ, कवचधारी प्राणी रसायनशास्त्रज्ञांच्या टेबलावर येऊ लागले. या सर्वांमध्ये स्पंजांनी दिलेल्या नव्या संयुगांची संख्या मोठी आहे.

या विषयावरील आढावापर लेखांची रचना आता जवळजवळ ठरून गेली आहे. पृथ्वीचा सत्तर टक्के भाग समुद्राने व्यापला असल्याचे विधान प्रारंभी येते. त्यानंतर स्पंजाचे नाव, संयुगाचे नाव व 'कर्करोगविरोधी', 'जीवाणुरोधी', 'विषाणुरोधी', 'दाहरोधी' असे गुणविशेष दाखविणारे लांबलचक कोष्टक येते. शेवटी समुद्र हे औषधांचे अक्षय भांडार असून अधिक संशोधनाची गरज असल्याचा निष्कर्ष काढला जातो. यातील प्रत्येक नोंद सुटीसुटी खरी असू शकते, तथापि सर्व मिळून जे चित्र उभे राहते ते दिशाभूल करणारे असते. कोष्टकात एकाच ओळीच्या अंतरावर असलेल्या दोन संयुगांपैकी एक हजारो रुग्णांना दिले जाणारे औषध असते आणि दुसरे काचेच्या बशीतील पेशींपलीकडे कधीही गेलेले नसते. वाचकाला हा फरक कळत नाही.

महाविद्यालयीन स्तरावर हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. विद्यार्थ्यांचे प्रकल्प, लघुसंशोधन प्रकल्प व परिषदांतील निबंध यांचे विषय बहुधा अशाच आढाव्यांतून निवडले जातात. आढावा सदोष असेल, तर प्रयोगाची दिशाही चुकते आणि त्यासाठी समुद्रातून काढलेले प्राणी वाया जातात.

स्पंज आणि त्याचे रासायनिक संरक्षण

स्पंज हा पोरिफेरा संघातील प्राणी होय. या संघाच्या नऊ हजारांहून अधिक जातींची नोंद आजवर झाली आहे. त्याला डोके नाही, हृदय नाही, चेतासंस्था नाही. शरीरावरील असंख्य सूक्ष्म छिद्रांतून तो पाणी आत घेतो, त्यातील जीवाणू व सेंद्रिय कण गाळून घेतो आणि मोठ्या छिद्रातून पाणी बाहेर सोडतो. मोठा स्पंज दिवसाला हजारो लिटर पाणी गाळू शकतो. प्रौढ स्पंज खडकाला चिकटून असतो. शत्रू आला तर त्याला पळता येत नाही, शेजारचा जीव अंगावर वाढू लागला तर बाजूला सरकता येत नाही. अनेक जातींत या उणिवेची भरपाई रसायनांनी होते.

ही रसायने ज्या परिस्थितीत उपयोगी पडतात ती ध्यानात घेणे आवश्यक आहे. बाहेर पडलेला पदार्थ समुद्राच्या पाण्यात क्षणार्धात विरळ होतो. म्हणून अत्यल्प प्रमाणातही परिणाम करणारे रेणूच संरक्षणाच्या कामी येतात. शिवाय शत्रू एकाच प्रकारचा नसतो. मासे, गोगलगायी, शैवाल, जीवाणू या सर्वांविरुद्ध उपयोगी पडायचे, तर सर्व सजीव पेशींत समान असलेल्या यंत्रणेवर घाव घालावा लागतो. तांबड्या समुद्रातील नेगोम्बाटा मॅग्निफिका या स्पंजापासून १९८० मध्ये वर्णन झालेले लॅट्रुनक्युलिन पेशीच्या सांगाड्यातील ॲक्टिन या प्रथिनावर परिणाम करते. हॅलिकॉन्ड्रिन पेशीविभाजनातील सूक्ष्मनलिकांवर परिणाम करते. ही दोन्ही लक्ष्ये कर्कपेशीत आहेत, तशीच ती निरोगी पेशीतही आहेत.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. स्पंजाच्या अर्काने पेशी मरणे यात आश्चर्य नाही. त्या रेणूंचे नैसर्गिक कार्यच ते आहे. रोगट पेशी मराव्यात आणि निरोगी पेशी तुलनेने वाचाव्यात, एवढ्या मर्यादेत तो परिणाम आणता येतो का, येथून औषधाचा प्रश्न सुरू होतो.

सायटाराबिन : स्पंजाने दिलेली कल्पना

स्पंजजन्य औषधांच्या इतिहासाचा प्रारंभ व्हर्नर बर्गमन यांच्यापासून मानला जातो. अमेरिकेतील येल विद्यापीठात काम करणाऱ्या बर्गमन यांनी रॉबर्ट फीनी यांच्यासह फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळून गोळा केलेल्या स्पंजाचा अभ्यास केला. या स्पंजाचे आजचे नाव टेक्टिटेथिया क्रिप्टा असे आहे. १९५० व १९५१ मध्ये त्यांनी त्यातून मिळालेल्या स्पाँजोथायमिडीन व स्पाँजोयुरिडीन या न्यूक्लिओसाइडांचे वर्णन प्रसिद्ध केले.

या शोधाचे वैशिष्ट्य शर्करेत होते. डीएनएच्या घटकांत डीऑक्सिरायबोज आणि आरएनएच्या घटकांत रायबोज ही शर्करा असते. स्पंजातील न्यूक्लिओसाइडांत मात्र अरॅबिनोज ही शर्करा आढळली. रायबोज व अरॅबिनोज यांच्यातील फरक एका हायड्रॉक्सिल गटाच्या दिशेपुरता आहे. परंतु एवढ्याशा फरकानेही असा घटक पेशीची फसवणूक करू शकेल, ही कल्पना त्यातून पुढे आली. १९५९ मध्ये बर्कली येथील रसायनशास्त्रज्ञांनी सायटोसीन आणि अरॅबिनोज यांच्या संयोगाने सायटाराबिन तयार केले. पेशीत गेल्यावर त्याचे सक्रिय रूप डीएनएच्या साखळीत शिरते आणि साखळीची वाढ खुंटवते. १९६९ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या उपचारात सात दिवस सायटाराबिन व तीन दिवस अँथ्रासायक्लिन वर्गातील औषध देण्याची पद्धत आजही पायाभूत मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही त्याचा समावेश आहे.

'सायटाराबिन हे स्पंजापासून मिळणारे औषध आहे' हे आढाव्यांतील नेहमीचे विधान मात्र दुरुस्तीची अपेक्षा करते. बर्गमन यांच्या स्पंजात सायटाराबिन सापडले नव्हते. सापडली होती अरॅबिनोजयुक्त घटकांची कल्पना. रुग्णाला दिले जाणारे औषध प्रारंभापासूनच प्रयोगशाळेत तयार झाले. त्यामुळेच ते स्वस्त व मुबलक होऊ शकले. हा फरक केवळ शाब्दिक नाही. एका स्पंजाच्या अभ्यासाने कल्पना दिली आणि त्यानंतर समुद्रातून एकही स्पंज काढावा लागला नाही, असे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

याच मालिकेतील विडाराबिनची कथा आणखी बोलकी आहे. अरॅबिनोज व ॲडेनीन यांचे हे संयुग १९६० मध्ये कृत्रिमरीत्या तयार करण्यात आले. नंतर ते स्ट्रेप्टोमायसिस वर्गातील जीवाणूत आणि १९८४ मध्ये भूमध्य समुद्रातील युनिसेला या प्रवाळसदृश प्राण्यातही आढळले. १९७६ मध्ये त्याला विषाणुरोधी औषध म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली. पण ॲसायक्लोव्हिर आल्यानंतर त्याचे महत्त्व ओसरले. फ्लुडाराबिन (१९९१) व नेलाराबिन (२००५) ही रक्ताच्या कर्करोगावरील औषधेही अरॅबिनोजयुक्त असल्याने त्यांना या वंशावळीत स्थान देता येईल. एड्सवरील झिडोव्हुडीनला मात्र अनेक याद्यांत याच वंशात बसविले जाते, ते योग्य नाही. त्या रेणूत अरॅबिनोज नाही. त्याची शर्करा डीऑक्सिरायबोजमध्ये वेगळ्या जागी बदल करून तयार झालेली आहे. शर्करेत बदल करण्याच्या व्यापक विचारधारेशी त्याचे नाते सांगता येईल, परंतु स्पंजाशी थेट नाते जोडणे हा श्रेयाचा विस्तार होय.

याद्यांतील आणखी एक सरमिसळ येथेच नोंदविली पाहिजे. ट्रॅबेक्टेडिन हे औषध समुद्री पिचकारी या ट्युनिकेट प्राण्याशी आणि झिकोनोटाइड हे वेदनाशामक शंकूच्या आकाराच्या गोगलगायीच्या विषाशी संबंधित आहे. स्पंजांचा आढावा घेताना या यशाची बेरीज त्यांच्या खात्यात करता येत नाही.

हॅलिकॉन्ड्रिन ते एरिब्युलिन : पुरवठ्याचा प्रश्न

स्पंजातील मूळ रेणूशी थेट नाते सांगणारे सर्वांत भक्कम उदाहरण एरिब्युलिन हे आहे. जपानच्या मिउरा द्वीपकल्पाजवळील हॅलिकॉन्ड्रिया ओकाडाई या स्पंजापासून हिराता व उएमुरा यांनी हॅलिकॉन्ड्रिन गटातील संयुगे वेगळी केली आणि १९८६ मध्ये हॅलिकॉन्ड्रिन बी या रेणूची माहिती प्रसिद्ध केली. उंदरांतील अर्बुदांवर त्याचा परिणाम विलक्षण होता. अडचण होती ती प्रमाणाची. ६०० किलो स्पंजापासून हाती आलेले हॅलिकॉन्ड्रिन बी १२.५ मिलिग्रॅम होते.

या आकड्याचा अर्थ एका साध्या हिशोबाने समजू शकेल. एरिब्युलिनची प्रचलित मात्रा शरीराच्या प्रत्येक चौरस मीटर पृष्ठभागामागे १.४ मिलिग्रॅम असून ती २१ दिवसांच्या चक्रात दोनदा दिली जाते. दीड चौरस मीटर पृष्ठभाग असलेल्या स्त्रीला एका चक्रात ४.२ मिलिग्रॅम औषध लागते. दोन रेणूंच्या वजनातील व प्रभावातील फरक बाजूला ठेवला, तर ६०० किलो स्पंज एका रुग्णाच्या तीन चक्रांना, म्हणजे नऊ आठवड्यांना पुरला असता.

न्यूझीलंडमधील कैकौरा किनाऱ्यावरील लिसोडेंडोरिक्स या स्पंजात हॅलिकॉन्ड्रिनचे प्रमाण अधिक आढळले. तेथे एक टन स्पंजापासून सुमारे ३०० मिलिग्रॅम हॅलिकॉन्ड्रिन बी मिळाले. मात्र त्या भागातील या स्पंजाचा एकूण साठा सुमारे २८० टनांचा असल्याचा अंदाज होता. तो सर्व साठा खरवडून काढला असता, तरी ८४ ग्रॅमच्या आसपास पदार्थ मिळाला असता आणि जात मात्र त्या किनाऱ्यावरून नाहीशी झाली असती. स्पंज दोरांवर वाढविण्याचे प्रयोगही तेथे झाले. ते उपयुक्त ठरले, पण औषधाची गरज त्यांतून भागली नाही.

मार्ग निघाला तो रसायनशास्त्रातून. हार्वर्ड विद्यापीठातील योशितो किशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हॅलिकॉन्ड्रिन बीचे संपूर्ण संश्लेषण सिद्ध केले. त्या कामातून उपलब्ध झालेल्या तुकड्यांची चाचणी घेतली असता रेणूचा उजवा अर्धा भागच परिणामकारक असल्याचे दिसून आले. एसाय या जपानी कंपनीने त्या अर्ध्या भागावर आधारित एरिब्युलिन विकसित केले. तेही सोपे नव्हते. या रेणूत १९ असममित कार्बन केंद्रे असून त्याच्या निर्मितीत साठहून अधिक टप्पे आहेत. नोव्हेंबर २०१० मध्ये शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

रुग्णाला झालेला लाभही मोजूनच सांगितला पाहिजे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७६२ रुग्णांचा समावेश असलेल्या एम्ब्रेस या चाचणीत एरिब्युलिन घेणाऱ्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान १३.१ महिने, तर डॉक्टरांनी निवडलेले अन्य उपचार घेणाऱ्यांचे १०.६ महिने होते. अडीच महिन्यांचा हा फरक अनेक उपचार घेऊन झालेल्या रुग्णांच्या बाबतीत मोलाचा आहे. २०१६ मध्ये लायपोसार्कोमा या मेदपेशींच्या कर्करोगासाठीही या औषधाला मान्यता मिळाली. परंतु 'कर्करोगावर रामबाण' अशा शब्दांत जेव्हा स्पंजांचे वर्णन होते, तेव्हा पंचवीस वर्षांच्या प्रयत्नांनंतर हाती आलेला हा मोजका व खरा लाभ झाकला जातो.

अर्ध्यावर थांबलेले प्रवास

आढाव्यांत अपयशांना जागा मिळत नाही. वस्तुतः शिकण्यासारखे बरेच काही तेथेच असते. पलाऊ बेटांच्या परिसरातील लुफॅरिएला व्हॅरिअबिलिस या स्पंजापासून १९८० मध्ये मॅनोअलाइड मिळाले. दाहप्रक्रियेतील फॉस्फोलायपेज ए-२ या विकराला ते रोखते. सोरायसिससाठी त्याच्या मानवी चाचण्या सुरू झाल्या, पण त्वचेवर लावण्याच्या रूपात ते पुरेसे आत पोहोचत नसल्याने काम थांबले. प्रयोगशाळेतील साधन म्हणून मात्र ते टिकून राहिले.

बहामा बेटांजवळील डिस्कोडर्मिया डिसोल्युटा या स्पंजातील डिस्कोडर्मोलाइडचे १९९० मध्ये वर्णन झाले. स्पंजाच्या वजनाच्या सुमारे ०.००२ टक्के एवढेच ते मिळत होते. नोव्हार्टिस कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी ६० ग्रॅम डिस्कोडर्मोलाइड संश्लेषणाने तयार करून दाखविले. इतक्या गुंतागुंतीच्या रेणूच्या बाबतीत तो एक विक्रमच होता. पहिल्या टप्प्याच्या मानवी चाचणीत मात्र फुप्फुसांवरील विषारी परिणाम दिसून आले आणि काम बंद पडले. येथे पुरवठ्याचा प्रश्न सुटला होता. निवडकतेचा सुटला नाही. फिजीमधील जॅस्पिस स्पंजातील बेंगामाइडवर आधारित एक कृत्रिम संयुगही मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचले आणि हृदय-रक्तवाहिन्यांवरील दुष्परिणामांमुळे थांबले.

या तिन्ही संयुगांची नावे आजही 'दाहरोधी' व 'कर्करोगविरोधी' या रकान्यांत दिसतात. चाचणी का थांबली याचा रकाना मात्र कोष्टकात नसतो.

प्राथमिक चाचण्यांचा अर्थ लावतानाही सावधगिरी हवी. पेशींची वाढ निम्म्याने रोखणारी मात्रा कमी आली, म्हणजे पदार्थ औषधी ठरला, असे होत नाही. त्याच मात्रेला निरोगी पेशींचे काय होते हे सांगितले नसेल, तर तो आकडा केवळ विषारीपणाचा आहे. शिवाय काही रेणू कोणत्याही चाचणीत 'सक्रिय' दिसतात, कारण ते दिसेल त्या प्रथिनाशी अभिक्रिया करतात. २०१० पासून औषधरसायनशास्त्रात अशा फसव्या रचनांची यादी चर्चेत आहे. स्पंजांतील ॲव्हॅरोन व इलिमाक्विनोन यांसारखी क्विनोन वर्गातील संयुगे या संशयाच्या कक्षेत येतात. एकाच संयुगापुढे जीवाणुरोधी, विषाणुरोधी, दाहरोधी व कर्करोगविरोधी असे चारही गुण नोंदविलेले दिसले, तर तो गौरवाचा मुद्दा न मानता शंकेचा मानला पाहिजे.

उत्पादक कोण : स्पंज की त्यातील सूक्ष्मजीव?

'स्पंजाची संयुगे' या शब्दप्रयोगातील षष्ठी विभक्तीही तपासून पाहावी लागते. काही स्पंजांच्या एकूण वजनाचा ३५ ते ४० टक्के भाग जीवाणूंचा असू शकतो. मग रेणू कोणी तयार केला?

हॅलिकॉन्ड्रिया ओकाडाई याच स्पंजापासून मिळालेल्या व त्याचेच नाव धारण करणाऱ्या ओकाडाइक आम्लाचे वर्णन १९८१ मध्ये झाले. पुढे ते आम्ल प्रोरोसेंट्रम या एकपेशीय सूक्ष्मजीवात तयार होत असल्याचे आढळले. शिंपल्यांतून होणाऱ्या विषबाधेस तेच आम्ल कारणीभूत ठरते. थिओनेला स्विन्होई या स्पंजाच्या बाबतीत १९९६ मध्ये स्पंजाच्या पेशी व जीवाणू वेगळे करून पाहिले असता स्विनहोलाइड हे संयुग जीवाणूंच्या भागात सापडले. २०१४ मध्ये याच स्पंजातील एंटोथिओनेला या जीवाणूच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्या स्पंजातील बहुतेक क्रियाशील संयुगांची सूत्रे या एका जीवाणूच्या जनुकांत असल्याचे स्पष्ट झाले.

म्हणून सर्व श्रेय जीवाणूंना द्यावे, असाही निष्कर्ष घाईचा ठरेल. काही टर्पीन वर्गातील संयुगांची जनुके स्पंज प्राण्याच्या स्वतःच्या जनुकसंचात असल्याचे २०२३ मध्ये दाखविण्यात आले. तात्पर्य, प्रत्येक संयुगाच्या बाबतीत हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा लागतो. त्याचे उत्तर व्यावहारिक महत्त्वाचे आहे. उत्पादक जीवाणू असेल आणि तो किंवा त्याची जनुके प्रयोगशाळेत वाढविता आली, तर समुद्राला हात न लावता पुरवठा शक्य होईल. अनेक सहजीवी जीवाणू अद्याप प्रयोगशाळेत वाढत नाहीत, ही त्यातील मोठी अडचण आहे.

औषध न होताही उपयुक्त

औषध झाले नाही म्हणजे संयुग निरुपयोगी, असा अर्थ काढणेही अन्यायाचे होईल. लॅट्रुनक्युलिन औषध झाले नाही; परंतु पेशीतील ॲक्टिनचे कार्य समजून घेण्यासाठी ते जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते. ओकाडाइक आम्लामुळे फॉस्फेटेज विकरांचा अभ्यास सुकर झाला. ओकिनावाजवळील एजेलास स्पंजातील संयुगांवरून जपानी संशोधकांनी घडविलेल्या अल्फा-गॅलॅक्टोसिल सेरामाइडमुळे प्रतिकारशक्तीतील एनकेटी पेशी कशाने जागृत होतात, हे १९९७ मध्ये उलगडले. 'औषधी क्षमता' या एकाच मापाने मोजल्यास हे योगदान कोष्टकाबाहेर राहते. आजवरचा इतिहास पाहता ज्ञानसाधन म्हणून स्पंजाच्या रेणूंनी दिलेले योगदान औषधांइतकेच मोठे मानावे लागेल.

भारतीय संदर्भ

१९६६ मध्ये स्थापन झालेल्या गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने सागरी जीवांच्या रसायनशास्त्रात दीर्घकाळ काम केले आहे. तेथील संशोधकांनी २००४ मध्ये सॅमाप्लिसिला पर्प्युरिया या स्पंजापासून ब्रोमोटायरोसीन वर्गातील नव्या अल्कलॉइडांचे वर्णन केले व त्यांना पर्प्युरिॲलिडीन असे नाव दिले. शुद्ध संयुग, निश्चित केलेली रचना व ओळख पटविलेला स्पंज या तीन गोष्टी अशा कामात असल्याने पुढील संशोधकाला त्यावर उभे राहता येते.

याउलट, केवळ मिथेनॉलमधील कच्चा अर्क तयार करून त्याने पेट्रीबशीतील जीवाणूंभोवती किती मिलिमीटरचे मोकळे वलय तयार झाले एवढेच नोंदविणारे निबंध मोठ्या संख्येने प्रसिद्ध होतात. महाविद्यालयांतील साधनांच्या मर्यादा लक्षात घेता यामागील अडचण समजण्यासारखी आहे. तथापि अर्कातील घटक माहीत नसताना व जातीची खात्री नसताना अशा निबंधाचा निष्कर्ष 'औषधी क्षमता सिद्ध झाली' असा काढणे शास्त्रीय शिस्तीला धरून नाही.

जातीची खात्री हा मुद्दा वाटतो त्यापेक्षा गंभीर आहे. स्पंजांची नावे वारंवार बदलली आहेत. बर्गमन यांच्या लेखनातील क्रिप्टोटेथिया आज टेक्टिटेथिया आहे. लॅट्रुनक्युलिन ज्यावरून नाव पावले तो लॅट्रुनक्युलिया मॅग्निफिका आज नेगोम्बाटा झाला आहे. सॅमाप्लिसिला पर्प्युरियाची नोंद आता स्युडोसेरॅटिना या प्रजातीत होते. नावे न पडताळता केलेल्या यादीत एकच प्राणी दोनदा मोजला जातो. नमुना भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागासारख्या संस्थेकडे जमा करून त्याचा क्रमांक निबंधात देण्याची प्रथा म्हणूनच आवश्यक आहे. या विभागाचे पश्चिम क्षेत्रीय केंद्र पुण्यात असल्याने महाराष्ट्रातील महाविद्यालयांना हे अशक्य नाही. स्पंजांची ओळख, ऋतुमानानुसार नोंदी, अधिवासाची पाहणी ही कामे कमी खर्चाची असून कोकण किनाऱ्यावरील महाविद्यालये ती उत्तम प्रकारे करू शकतात.

कायद्याची बाजूही दुर्लक्षिता येत नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ आणि त्यातील २०२३ ची दुरुस्ती यांनुसार जैविक साधनसंपत्तीचा वापर व त्यावर आधारित बौद्धिक संपदा हक्क यांवर नियमन आहे. चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण त्यासाठी कार्य करते. राष्ट्रांच्या हद्दीबाहेरील खोल समुद्रातील जनुकीय संसाधनांविषयीचा आंतरराष्ट्रीय करारही जून २०२३ मध्ये स्वीकारला गेला. समुद्राला 'अक्षय भांडार' म्हणणाऱ्या आढाव्यांत संसाधनाचा मालक कोण व लाभाचा वाटा कोणाला, हा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो.

आढावालेखनासाठी कसोट्या

वरील विवेचनाच्या आधारे, स्पंजातील एखाद्या संयुगाला औषधी क्षमता असल्याचे म्हणण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे आढाव्यात असावीत, असे सुचविता येते.

१) संयुग शुद्ध रूपात मिळाले असून त्याची रचना निश्चित झाली आहे काय? स्पंजाचे सध्याचे मान्य नाव व नमुन्याचा क्रमांक दिला आहे काय?

२) एक किलो स्पंजामागे किती संयुग मिळते? उपचारासाठी लागणारी मात्रा त्या प्रमाणात कशी भागणार?

३) निरोगी पेशींवरील परिणाम तपासला आहे काय? एकाच संयुगाची अनेक असंबद्ध चाचण्यांतील सक्रियता संशयास्पद तर नाही?

४) संयुगाचा खरा उत्पादक स्पंज आहे की सहजीवी जीव, याविषयी पुरावा आहे काय?

५) प्रवास कोणत्या टप्प्यावर आहे : पेशी, प्राणी, मानवी चाचणी की मान्यताप्राप्त औषध? थांबला असल्यास कारण काय? मान्यता मिळाली असल्यास रुग्णाला झालेला लाभ किती?

कोष्टकात या पाच बाबींचे रकाने वाढविले, तरी आजच्या बहुतेक याद्या पुष्कळ आखूड होतील. परंतु उरलेल्या नोंदी विश्वासार्ह असतील.

समारोप

सागरी स्पंजांच्या संशोधनाचा सात दशकांहून अधिक काळाचा इतिहास निराशाजनक नाही. सायटाराबिनने ल्युकेमियाच्या उपचाराला पाया दिला. एरिब्युलिनने स्तनाच्या कर्करोगातील रुग्णांचे आयुष्य काही महिन्यांनी वाढविले. अनेक रेणूंनी पेशीविज्ञानाला साधने पुरविली. यांपैकी दोन्ही औषधे रसायनशाळेत तयार झाली, आणि स्पंजाने दिली ती मानवी कल्पनेला सहजासहजी न सुचणारी रचना. ही वस्तुस्थिती मान्य केली, तर संशोधनाचा भर अधिकाधिक स्पंज गोळा करण्याकडून अचूक ओळख, रचनानिश्चिती, उत्पादक जीवाचा शोध व संश्लेषण यांकडे वळतो. हे काम प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र व विधी या शाखांच्या सहकार्यानेच होऊ शकते.

याची दुसरी बाजू संवर्धनाची आहे. टेक्टिटेथिया क्रिप्टा उथळ पाण्यातून नष्ट झाला असता, तर अरॅबिनोजयुक्त घटकांची कल्पना या मार्गाने मिळाली नसती. ज्या स्पंजांची अद्याप नोंदही झालेली नाही, त्यांच्या बाबतीत हीच शक्यता कायम आहे. म्हणून किनाऱ्यावरील स्पंजांच्या जाती टिकविणे ही औषधसंशोधनाची पूर्वअट ठरते, आणि 'क्षमता' हा शब्द जपून वापरणे ही त्या संशोधनावर लिहिणाऱ्या अभ्यासकाची जबाबदारी ठरते.